चौथी पायरी

नियम असा: दाराला चार किंवा जास्त पायऱ्या असतील
तर कठडा हवा.
तीन असतील तर नको.
तिसरीवरून पडलेलं माणूस
आमच्या लेखी पडलेलं नसतं.

सोळा वर्षं मी मोजतोय.
ईरी शहर, तलावाकडून येणारा वारा,
हातात फळी, फळीला कागद,
आणि पेन्सिल, कारण जानेवारीत शाई गोठते.
खिडकी उघडते का. उघडली तर उघडी राहते का.
नळाला ऊन पाणी किती वेळानं येतं.
छतावरची धुराची घंटा काठीनं टोचल्यावर ओरडते का.
रंगाचे पोपडे, असल्यास, किती इंच.
घर चांगलं आहे का, असा रकाना नाही.
मीही शोधला नाही कधी.

व्हर्लीन स्टब्स, वय एकसष्ट, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते.
यादी पाच दिवस उघडली होती तेव्हा
तिनं वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर नाव घातलं,
आणि सात वर्षं पत्ता बदलला की आम्हाला कळवत राहिली.
बहिणीचं घर. चर्चचं तळघर. पुन्हा बहीण.
सगळे कागद फायलीत आहेत, टाचणीसकट.
मग पत्र गेलं: तुमचा नंबर लागला,
साठ दिवसांत घर शोधा.

पगारातले शंभरातले तीस ती देणार,
उरलेलं आम्ही, थेट मालकाच्या खात्यात.
तो पैसा तिच्या हाताला कधी लागणार नाही,
तरी फोनवर लोक म्हणत, सरकारी भाडेकरू नकोत आम्हाला.
एकानं तर आधी भाडं सांगितलं,
मग व्हाउचर म्हटल्यावर खोली गेल्याचं सांगितलं,
एका दमात.
बावन्नाव्या दिवशी म्हातारा पावलक हो म्हणाला.
त्याला एक तारीख आवडते. माणसांचं त्याचं काही म्हणणं नाही.

चोपन्नावा दिवस, नऊ फेब्रुवारी. मी गेलो.
आतलं सगळं ठीक. खिडक्या, घंटा, शेगडीचे चारही बर्नर.
मागच्या दाराशी आलो.
बर्फातून वर आलेल्या पायऱ्या: एक, दोन, तीन.
कठडा नव्हता.
मी पेन्सिल टेकवली होती.
खाली काय आहे ते मला ठाऊक होतं,
या गल्लीतली सगळी घरं एकाच सुताराची.
पण मी दिसतं ते लिहितो.
दिसत होत्या तीन.

आणि व्हर्लीन, कोपऱ्यातलं फावडं घेऊन,
थांबा साहेब, घसराल, म्हणत
माझ्या पुढ्यात उतरली
आणि बर्फ ओढू लागली.
लॉन्ड्रीतले हात. कडेपासून कडेपर्यंत, घडी घातल्यासारखं.
लाकूड वर आलं, ओलं, काळं.
झालं, म्हणाली. आता उतरा.

मी उतरलो.
चौथीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो
आणि लिहिलं.

फेरतपासणी सतरा तारखेला.
व्हाउचर संपतं पंधराला.
मुदतवाढीचा अर्ज दुसऱ्या खिडकीवर मिळतो,
ती खिडकी मंगळवारी आणि गुरुवारी उघडी असते, हे मी तिला सांगितलं,
म्हणजे नियमात बसेल तेवढं सगळं सांगितलं.
शहाण्यानं कचेरीची पायरी चढू नये म्हणतात.
ती नुसती साफ करत होती.

पावलक म्हणाला, पाइप आणून ठोकतो, उद्या, परवा.
व्हर्लीननं विचारलं,
मी नसती झाडली तर?
मी फळीवरचा कागद उलटला.

घरी पोचेपर्यंत पुन्हा पडायला लागलं होतं.
माझ्या मागच्या दाराला पाच पायऱ्या आहेत.
कठडा नाही. बायको तीन वर्षं म्हणतेय.
किल्ली हातात धरून मी खाली उभा राहिलो,
एकेक झाकली जाताना बघत,
आणि दोन उरल्यावर
आत गेलो.